आपल्या जुन्या चित्रकारांना उजेड कळत नव्हता?

एक मेसेज गेले आठ दिवस फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, जुन्या विद्यार्थ्यांनी पाठवला, परवा दादरला भाजी घेताना शेजारच्या वहिनींनीही फोन पुढे केला. दोन चित्रं शेजारी-शेजारी. एक इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं ‘संत मॅथ्यूला पाचारण’, दुसरं बसोली या पहाडी लघुचित्रशैलीतलं पान, पिवळ्याधमक पार्श्वभूमीवर नायक-नायिका. खाली लिहिलंय की काराव्हाज्जोने उजेड जसा दिसतो तसा रंगवला; आपल्या जुन्या चित्रकारांना मात्र छायाप्रकाश ठाऊक नव्हता, यथार्थदर्शन (म्हणजे पर्स्पेक्टिव्ह) जमत नव्हतं, ते नुसते रंग भरायचे. चित्र काढायला आपल्याला शिकवलं ते जे. जे. स्कूलने. मी शाळेत चित्रकला शिकवते. हे मुलांच्या डोक्यात बसलं तर काढणं कठीण, म्हणून लिहितेय.

छायाप्रकाशापासून सुरुवात करू. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहा. नाकाच्या दांड्यावर उजळ रंग आहे, गालाकडे वळताना तो गडद होत जातो आणि चेहरा भिंतीतून पुढे येतो. काम पाचव्या शतकातलं. या उठावाला आपल्याकडे शब्दही आहे, वर्तना. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात तिचे तीन प्रकार दिलेत: पत्रजा, ऐरिका आणि बिंदुजा. बिंदुजा म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी आणलेली छटा. तिथेच म्हटलंय की आचार्य रेषेची वाखाणणी करतात आणि जाणकार वर्तनेची. ठाऊकच नसलेल्या गोष्टीचे कोणी प्रकार पाडत नाही. मेसेजमधलं एवढं खरं, की जमिनीवर पडलेली सावली या चित्रांत सहसा सापडत नाही. पण वस्तूचा गोलवा वेगळा आणि तिची पडछाया वेगळी. आपण सगळे एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेलो, तांब्याखाली सावली राहिली की गुण गेले. तीच फूटपट्टी आपण अजिंठ्याला लावतो.

काराव्हाज्जोचा उजेड ‘जसा दिसतो तसा’ आहे, हेही मला पटत नाही. त्या चित्रात चांगली मोठी खिडकी आहे, पण तिच्यातून उजेड येतच नाही. तो येतो उजवीकडून, वरून, चौकटीच्या बाहेरून, आणि ख्रिस्ताच्या हाताबरोबर टेबलाशी बसलेल्या माणसांपर्यंत जातो. तो त्याने निवडलेला, लावलेला उजेड आहे. म्हणूनच ते चित्र इतकं थोर आहे.

यथार्थदर्शनाचं थोडक्यात सांगते. मागे जाणाऱ्या रेषा एका बिंदूत मिळवायची पद्धत युरोपातही पंधराव्या शतकात, फ्लॉरेन्समध्ये बसली. आल्बेर्ती या इटालियन विद्वानाने ती १४३५ मध्ये लिहून काढली. अकबराच्या चित्रशाळेत युरोपातली छापील चित्रं पोचली होती. तिथल्या चित्रकारांपैकी केसूदासाने त्यांवरून नकला केल्या, बसावनने त्यांतली छटा उचलली. तरीही मुघल चित्रात हौद वरून दिसतो, झाडं समोरून आणि माणसं बाजूने. अख्खी बाग एका पानात सांगायची तर एका जागी उभं राहून कसं चालेल?

जे. जे. १८५७ साली सुरू झालं, आणि तिथलं देणं मी नाकारत नाही. चित्रकार हळदणकर तिथेच शिकले. त्यांच्या जलरंगातली ती दिवा धरून उभी असलेली मुलगी, तिच्या चेहऱ्यावर पसरलेला तो उजेड, कोण विसरेल! पण त्याच शाळेतले शिक्षक ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेत होते, भिंतींवरून नकला करायला. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. म्हणजे शाळेनेच मुलांना जुन्या चित्रांपुढे शिकायला बसवलं होतं. आणि छायाप्रकाश म्हटलं की ज्याचं नाव आधी येतं, त्या डच चित्रकार रेम्ब्राँने १६५६ ते १६६१च्या सुमारास मुघल चित्रं समोर ठेवून वीसहून जास्त रेखाटनं केली.

राहिला ‘नुसते रंग भरायचे’ हा मुद्दा, आणि तो मला सगळ्यांत जास्त लागला. फोर्टच्या म्युझियममध्ये लघुचित्रांच्या दालनात मी मुलांना काचेपुढे उभं करते आणि म्हणते, आता हळूच एक पाऊल बाजूला सरका. सोनं काळवंडतं, मग लखकन उजळतं. गळ्यातल्या माळेतला मोती जाड पांढऱ्या रंगाचा ठिपका असतो, कागदावर उंच आलेला. तिरकं पाहिलं की त्याची स्वतःची बारीकशी सावली पडलेली दिसते. बसोलीच्या चित्रकारांनी तर पाचूच्या जागी भुंगेऱ्याच्या पंखाचे हिरवे तुकडे चिकटवले. रंगाचे थर चढले की पान पालथं घालून मागून अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटायचे, त्याने रंगाला तुकतुकी यायची. ही पानं भिंतीवर टांगायची नव्हतीच. हातात घ्यायची, उजेडाकडे कलवायची. चित्रकाराने उजेड रंगवला नाही, तो झेलायची सोय करून ठेवली.

काराव्हाज्जोचा उजेड रंगातच आहे, म्हणून तो फोनवरही बऱ्यापैकी उतरतो. बसोलीच्या पानाचा फोटो समोरून, सपाट दिव्यात काढतात. त्यात सोनं पिवळसर तपकिरी होतं, मोती पांढरा ठिपका होतो आणि भुंगेऱ्याचा पंख नुसता हिरवा डाग.