गल्ल्यावर बोलता तेच वेबसाइटवर लिहा ना!

नागपुरातल्या दुकानांच्या वेबसाइट उघडून बघा. इतवारीतला मसालेवाला असो की धरमपेठेतला क्लास, पहिली ओळ ठरलेली: ‘गुणवत्ता आणि विश्वासाची परंपरा’. वरचं नाव झाकलं तर मसाला विकतात की मुलं शिकवतात, पत्ता लागत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण हीच माणसं गल्ल्यावर इतकं नेमकं बोलतात की ऐकत राहावं.

वेबसाइटचा मजकूर लिहून देणं हे माझं काम. काटोलकडच्या एका बागायतदारांनी मजकूर पाठवला होता: ‘आम्ही उत्कृष्ट दर्जाची रसाळ संत्री माफक दरात पुरवतो.’ मी फोन लावला. म्हटलं, भाऊ, गिऱ्हाईक तुम्हाला पहिले काय विचारते? ते लगेच म्हणाले, “माल आंबियाचा आहे का मृगाचा? अन् बाहेरगावचे विचारतात, संत्रा हिरवा कावून दिसते, कच्चा तं नाही?”

आंबिया आणि मृग हे संत्र्याचे दोन बहार, म्हणजे पिकाचे हंगाम. झालं, मजकूर तिथेच मिळाला! ‘आंबिया बहार: ऑक्टोबर ते डिसेंबर. मृग बहार: फेब्रुवारी ते एप्रिल. सुरुवातीचा आंबिया हिरवट दिसला तरी आतून पिकलेला असतो; सालीला रंग चढतो तो रात्री गार पडायला लागल्यावर.’ खाली बटणावर ‘सबमिट’ होतं, तिथे ‘पेटी मागवा’ केलं. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही एका ओळीत आलं. ‘उत्कृष्ट’ची गरजच उरली नाही.

“पण हे भारदस्त वाटत नाही” असं बरेच जण म्हणतात. त्यांना मी १९९७ चा एक प्रयोग सांगतो. वेबसाइट लोक कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या जॉन मॉर्क्स आणि जेकब नील्सन यांनी अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या पर्यटनाचा एकच मजकूर वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहून लोकांना वापरायला दिला. नुसती जाहिरातबाजी काढली तर वापरायची सोय २७ टक्क्यांनी वाढली, मजकूर निम्मा केला तर ५८ टक्क्यांनी. दोन्ही करून शिवाय मजकुरावरून झरझर नजर फिरवता येईल अशी मांडणी केली, तेव्हा १२४ टक्क्यांनी! आणि तेव्हा तर लोक कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर वाचत होते. आज सीताबर्डीच्या गर्दीत उभं राहून अंगठ्यानं मजकूर सरकवणाऱ्याला किती वेळ असणार?

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. मजकूर लिहायला किंवा लिहून घ्यायला बसण्याआधी आठवडाभर गिऱ्हाइकांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा, आणि आपण काउंटरवर दिलेलं उत्तरही. जो प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला, त्याचं उत्तर पहिल्या ओळीत टाका.