चेहरा हा पुरावा नव्हे

अनोळखी माणूस कसा ओळखावा, हे सांगणारा एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा सारांश असा: बोलण्यात शब्दांचं महत्त्व फक्त ७ टक्के, बाकी ९३ टक्के देहबोली आणि आवाज. खोटारडा नजरेला नजर देत नाही. निर्दोष माणूस त्याच्या वागण्यावरून कळतो. आणि पहिल्या क्षणी मनात उमटतं तेच खरं. मला हा संदेश निरुपद्रवी वाटत नाही. त्यावर विश्वास ठेवणाऱ्यांपैकी कुणी नोकरीच्या मुलाखती घेतो, कुणी पोलीस चौकशी करतो, कुणी न्यायनिवाडा करतो.

आधी ते ७ टक्के. हा आकडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या दोन छोट्या प्रयोगांतून आला. त्यांत लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि बोलणाऱ्याला समोरच्याबद्दल आपुलकी वाटते की नावड, एवढंच विचारलं. सगळ्या संवादाला हे प्रमाण लागू होत नाही, असं पुढे खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलं. शब्दांना ७ टक्केच अर्थ असता, तर पत्र वाचून कुणाला काही कळलंच नसतं.

नजर चुकवण्याबद्दलचा समज जगभर आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५८ देशांतल्या लोकांना खोटं कसं ओळखता, असं विचारलं, तेव्हा हेच उत्तर सर्वांत जास्त आलं. पण बेला डिपॉलो आणि सहकाऱ्यांनी २००३ साली खोटेपणाच्या १५८ कथित खुणा तपासल्या, तेव्हा नजर देण्या-न देण्याचा खोटं बोलण्याशी जवळजवळ काहीच संबंध आढळला नाही. लाजरा माणूस नजर टाळतो, घाबरलेला टाळतो, मोठ्यांच्या डोळ्यांत बघू नये असं शिकवलेलाही टाळतो. सराईत फसवणारा मात्र थेट डोळ्यांत बघून बोलतो, कारण हा समज त्यालाही ठाऊक असतो. चार्ल्स बाँड आणि डिपॉलो यांनी २००६ साली २४ हजारांहून अधिक लोकांचे निवाडे एकत्र केले. खरं-खोटं बरोबर ओळखण्याचं प्रमाण निघालं ५४ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्के मिळाले असते.

तिसऱ्या मुद्द्याशी मी जास्त थांबणार आहे, कारण त्याची किंमत माणसांनी मोजली आहे. ऑगस्ट १९८०मध्ये ऑस्ट्रेलियात उलुरू या प्रचंड खडकाजवळच्या पर्यटकांच्या तळावरून लिंडी चेंबरलेन यांची नऊ आठवड्यांची मुलगी अझारिया नाहीशी झाली. डिंगोने, म्हणजे तिथल्या रानकुत्र्याने, तिला नेलं असं आई सांगत होती. पण कॅमेऱ्यासमोर ती रडली नाही, शांतपणे तपशील सांगत राहिली. पोटचं मूल गेलेली आई अशी वागते का, असं लोक म्हणू लागले. १९८२ साली तिला जन्मठेप झाली. न्यायवैद्यक पुरावाही सदोष होता, सगळा दोष लोकमताला देता येणार नाही. पण तो पुरावा इतक्या सहज पटला, याला आईबद्दलचा तो संशय कारणीभूत होता असं मला ठामपणे वाटतं. १९८६ साली, बाळाच्या अंगावर होतं असं आई सांगत होती ते जॅकेट सापडलं आणि ती सुटली, १९८८ साली शिक्षा रद्द झाली. डिंगोनेच बाळ नेलं, हा अधिकृत निष्कर्ष यायला २०१२ उजाडलं. दुःखाचा एकच ठरलेला चेहरा असतो, ही समजूत मुळातच चुकीची आहे. धक्का बसलेलं माणूस गोठतं, कधी हसतंही.

राहिला पहिल्या क्षणाचा कौल. जॅनिन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००६ साली दाखवलं की अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग दिसला तरी आपण तो विश्वासू आहे की नाही ते ठरवून टाकतो. जास्त वेळ दिला तर मत फारसं बदलत नाही, स्वतःच्या मतावरची खात्री तेवढी वाढते. मत झटपट होतं, ते बरोबर असतं असं यातून सिद्ध होत नाही.

शिवाय परिस्थिती आपल्या नजरेतून निसटते. एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी १९६७ साली लोकांना क्युबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांच्याबद्दलचे निबंध वाचायला दिले. बाजू लेखकाने निवडलेली नाही, त्याला नेमून दिली आहे, हे सांगूनही वाचकांनी कॅस्ट्रोच्या बाजूने लिहिणाऱ्याला त्याचा समर्थकच धरलं. इथे तर सक्ती उघड सांगितली होती. खिडकीपलीकडचा कर्मचारी तुटक बोलला, तर त्याच्या घरी कोण आजारी आहे हे आपल्याला कोण सांगणार? आपण त्याला उर्मट ठरवून मोकळे होतो.

मग खोटं उघडकीला येतं तरी कसं? २००२ साली ही-सन पार्क, टिमोथी लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी लोकांनाच विचारलं, की अलीकडे पकडलेलं खोटं तुम्हाला कसं कळलं. बहुतेकांना ते तिसऱ्या माणसाकडून, कागदपत्रांतून, वस्तूंवरून किंवा कबुलीतून कळलं होतं, आणि तेही बरेचदा नंतर. केवळ समोरच्याच्या हावभावांवरून आणि बोलण्यावरून तिथल्या तिथे पकडलेलं खोटं अगदी नगण्य होतं. म्हणून समोरच्याबद्दल संशय असेल, तर तो कुठे होता, कुणाबरोबर होता, हे विचारा आणि पडताळून बघा.