एवढं खोलात कशाला जाता?

घरच्या सोलरला जोडायला, लाइट गेल्यावर चालेल अशी बॅटरी मी शोधतेय. आज दुपारी एका बॅटरीवाल्याने मला फोनवर ऐकवलं, "मॅडम, तुम्ही एवढं खोलात कशाला जाता?" डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लिहून टाकते.

त्याच्या कोटेशनमध्ये एकच ओळ होती. लिथियम बॅटरी, १०० एएच (ॲम्पिअर-अवर), ६००० सायकल (भरून रिकामी होण्याच्या फेऱ्या), १० वर्षं वॉरंटी. मी विचारलं, १०० एएच किती व्होल्टला? पलीकडे शांतता. मग म्हणतो, "लिथियम आहे मॅडम, क्वालिटी माल आहे." अहो, एएचला व्होल्टने गुणलं की किती वीज साठते ते कळतं. १२.८ व्होल्टला १०० एएच म्हणजे सव्वा युनिटच्या जरा वर आणि ५१.२ व्होल्टला तेच १०० एएच म्हणजे पाच युनिटच्या वर. सरळ चौपट फरक! व्होल्ट न सांगता एएच सांगणं म्हणजे खोलीची नुसती लांबी सांगून क्षेत्रफळाचे पैसे मागणं. तरीही निम्म्या जाहिरातींत व्होल्टचा पत्ता नसतो.

बरंच डोकं खाल्ल्यावर त्याने तांत्रिक माहितीचं पान पाठवलं. ५१.२ व्होल्ट, १०० एएच, १६ सेल. इथवर ठीक. खाली वजन लिहिलं होतं, २६ किलो. मी तिथेच थांबले. लिथियम आयर्न फॉस्फेटचा १०० एएचचा एक सेल दोन किलोच्या आसपास भरतो. सोळा सेलचेच बत्तीस किलो झाले. पत्र्याची पेटी, बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून गरज पडली तर बॅटरी बंद करणारं सर्किट), सेल जोडणाऱ्या पट्ट्या, केबल हे सगळं वेगळं. मग अख्खी बॅटरी २६ किलोची होतेच कशी? एक तर सेल १०० एएचचे नाहीत, नाही तर पान दुसऱ्याच कुठल्या बॅटरीचं उचललंय. हे विचारल्यावर उत्तर काय आलं? "वजन कमी म्हणजे चांगलंच ना मॅडम, लिथियम हलकंच असतं." आणि वर ते खोलात जाण्याचं वाक्य.

खोलात जायचं नाही तर काय करायचं? ही वस्तू दहा वर्षं माझ्या घराच्या भिंतीला लटकणार आहे, पाच युनिट वीज पोटात घेऊन. वजन बघणं ही तर सगळ्यांत वरवरची चौकशी झाली. त्यासाठी इंजिनिअर व्हावं लागत नाही, गुणाकार यावा लागतो. तोही विकणाऱ्याला येऊ नये, आणि मला आला तर त्याचा राग यावा?

आणि हो, "साहेब असतील तर त्यांना फोन द्या ना," हेही झालं. प्रत्येक वेळी होतं. प्रश्न मी विचारायचा आणि उत्तर घरातल्या दुसऱ्या कुणाला मिळणार. यापुढे हे वाक्य ज्याच्या तोंडून येईल त्याचा नंबर मी तिथल्या तिथे ब्लॉक करणार आहे.

पुढचा प्रश्न करंटचा. सलग किती ॲम्पिअर ओढता येतील? "१०० एएच आहे ना, म्हणजे १००." त्याच्याच पानावर सलग डिस्चार्ज ५० ॲम्पिअर लिहिलाय! म्हणजे जेमतेम अडीच किलोवॅट. घरातला इन्व्हर्टर ५ किलोवॅटचा. लाइट गेलेली असताना फ्रिज, पंखे चालू आहेत आणि कुणी पाण्याची मोटर लावली, तर मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट मागते. बीएमएस बॅटरीचा पुरवठा तोडणार, घर अंधारात. बॅटरी भरलेली असूनही अंधारात! मग हाच माणूस येऊन म्हणणार, तुमचा लोड जास्त आहे. लोड मी पहिल्याच दिवशी लिहून दिला होता. यादी करून, वॅटसकट. ती त्याने उघडूनही पाहिली नसेल.

सगळ्यांत जास्त संताप मात्र "सगळ्या इन्व्हर्टरला चालते" या वाक्याचा येतो. बॅटरीला कॅनचं पोर्ट आहे, आरएस-४८५ चं आहे (दोन्ही इन्व्हर्टरशी माहितीची देवाणघेवाण करायच्या जोडण्या), म्हणून ती इन्व्हर्टरशी बोलेलच असं नाही. सॉकेट दिसायला तेच, इंटरनेटच्या केबलचं. आत कुणाकडे कॅनच्या तारा ४ आणि ५ नंबरच्या पिनवर, कुणाकडे ७ आणि ८ वर. तारा जुळल्या तरी प्रोटोकॉल, म्हणजे बोलण्याची भाषा, जुळायला हवा, बॅटरीवरचे बारके स्विच योग्य जागी हवेत, फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) चालणारं हवं. मी साधं विचारलं, माझ्या इन्व्हर्टरचं मॉडेल तुमच्या कंपनीच्या सुसंगत यादीत आहे का? यादी पाठवा. त्यावर म्हणे, "नाही बोललं तर ट्यूब्युलरच्या सेटिंगवर टाकून देऊ, बऱ्याच ठिकाणी तसंच चालू आहे."

चालू आहे! ट्यूब्युलर म्हणजे लेड-ॲसिड बॅटरी. तिला अधूनमधून इक्वलायझेशनचा, म्हणजे सगळे सेल सारखे भरायचा, चढा चार्ज द्यावा लागतो. तोच सोळा सेलच्या लिथियमवर सोडला तर व्होल्टेज ५८.४ च्या, म्हणजे सेलमागे ३.६५ च्या, पार जाऊ शकतं. मग बीएमएस पुन्हा पुन्हा चार्जिंग तोडत बसणार. बीएमएस हा शेवटचा बचाव आहे. रोजची चुकीची सेटिंग निस्तरायला तो बसवलेला नसतो. आणि बॅटरीशी बोलणं नसेल तर ती किती टक्के भरलीय हे इन्व्हर्टर कशावरून दाखवणार? व्होल्टेजवरून. या सेलचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं. लोड नसताना ८० टक्के आणि ३० टक्के यांत सेलमागे ०.१ व्होल्टचाही फरक नसतो. स्क्रीनवर निवांत ५५ टक्के दिसतात आणि पुढच्या क्षणी सगळं बंद. ज्यांच्याकडे हे झालंय त्यांना विचारा, कसं वाटतं ते. त्यांना "बॅटरी जरा सेट व्हायला वेळ लागतो" असं सांगून महिनोन् महिने फिरवलेलं असतं.

हे आजचंही नाही. छतावर पॅनेल बसवले तेव्हा लाइट गेली की सोलरही बंद पडतं, हे आधी कुणी सांगितलं होतं? तारांवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी ग्रिडवरचा इन्व्हर्टर बंद व्हायलाच हवा, ते योग्यच आहे, त्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. पण कडक उन्हात, वर पॅनेल तळपत असताना, खाली पंखा बंद करून बसायचं, हे पैसे देण्याआधी कळायला हवं होतं. बॅटरी शोधायची वेळ आली ती त्यामुळेच.

सर्टिफिकेट मागितलं तर यूएन ३८.३ चा कागद पुढे करतात. तो वाहतुकीचा आहे! विमानातून, जहाजातून माल नेताना सेल पेटू नयेत म्हणून घेतलेली चाचणी. घरात रोज चार्ज-डिस्चार्ज होणाऱ्या बॅटरीच्या सुरक्षेसाठी आयईसी ६२६१९ चं विचारा, लगेच "बघून सांगतो". कुठलं लिथियम आहे, आयर्न फॉस्फेट की निकेल-मँगनीज-कोबाल्ट, हेही खोदून विचारावं लागतं. दुसरं जास्त तापलं तर आवरायला कितीतरी अवघड आहे आणि ते घरात टांगायचं की नाही हे मी ठरवणार. "मोबाइलमध्ये असतं तेच" हे उत्तर देणाऱ्याला काय म्हणावं?

आणि ते ६००० सायकल. रोज एक धरली तर १६ वर्षांच्या वर. मग वॉरंटी १० वर्षांची का? कारण ६००० हा आकडा २५ अंश तापमानाचा, मर्यादित करंटचा, बहुतेकदा ८० टक्केच डिस्चार्जचा, आणि शेवटी क्षमता ७० किंवा ८० टक्के उरेपर्यंतचा. तळटीप बारीक अक्षरात, आकडा ठळक अक्षरात. जिन्याखालच्या कोंदट जागेत ४० अंशाला किती सायकल, हे विचारलं की आकडे संपतात. सेल वापरला नाही तरी वयानुसार झिजतो, उष्णतेत आणखी लवकर, हे बोलायचंच नाही.

वॉरंटीचा कागद मी शब्द न् शब्द वाचला. १० वर्षं किंवा ठरावीक युनिट, जे आधी संपेल ते. शेवटी ६० टक्के क्षमता उरली तरी बॅटरी "चांगली" धरणार. आणि बॅटरी सतत इंटरनेटला जोडलेली हवी, नोंदी मिळाल्या नाहीत तर दावा नामंजूर. लाइट जाते, राउटर बंद पडतो, नेट आठवडाभर नसतं, म्हणूनच तर आम्ही बॅकअप घेतोय ना? बॅटरी ऐन वेळी मेली तर राउटरही तिच्याबरोबरच मरणार. त्या रात्रीच्या नोंदी मी कुठून आणून देऊ, हे त्यांनी लेखी सांगावं. तोवर माझ्याकडून ॲडव्हान्सचा एक पैसाही निघणार नाही.