केबल ओढून दाखवा: ‘एक जुना स्टोरेजवाला’ यांना उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा त्यातलं अर्धं पटलं. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: मोठ्या कंपन्या आपलं स्टोरेज सॉफ्टवेअर ‘कंटेनरसाठी सपोर्टेड’ (कंटेनर म्हणजे ॲप चालवायचा बंदिस्त डबा) म्हणून विकतात, पण नोड (कंटेनर चालवणाऱ्या मशिनांपैकी एक) मेला की ते हात वर करतं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की हेच ॲरे (डिस्कची मोठी सामायिक कपाटं) वर्षानुवर्षं बँका चालवताहेत, मेलेल्या नोडवरून व्हॉल्यूम (ॲरेवरचा डिस्कचा तुकडा) सोडवायला सहा मिनिटं थांबणं हा दोष नसून शहाणपणा आहे, आणि ज्यांना ॲप स्टेटलेस (स्वतःजवळ डेटा न ठेवणारं) लिहिता येत नाही त्यांनी स्टोरेजला शिव्या देऊ नयेत.

सहा मिनिटांचं आधी, कारण तिथे मी चुकलो. नोडशी संपर्क तुटला म्हणजे नोड मेलाच असं नसतं. नुसतं नेटवर्क गेलं असेल तर त्याच्यावरचा पोस्टग्रेस (आमचा डेटाबेस) आत मजेत लिहीत बसलेला असू शकतो. तोच व्हॉल्यूम घाईने दुसऱ्या नोडला जोडला, तर दोन मशिनं एकाच साध्या फाइलसिस्टिमवर लिहिणार आणि सकाळी डेटाचा खिमा मिळणार. शिवाय ती सहा मिनिटं स्टोरेज कंपनीची नाहीतच, कुबरनेटीसची (कंटेनर कुठल्या नोडवर चालवायचे ते ठरवणारी प्रणाली) स्वतःची आहेत. मी ते बिल त्यांच्या नावावर फाडलं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण त्या रात्री आमचं घोडं सहा मिनिटांवर अडलं नव्हतं. रात्री २ वाजून १० मिनिटांनी एका नोडचा पॉवर सप्लाय गेला. ४० सेकंदांनी क्लस्टरने (सगळ्या नोडांच्या गटाने) त्याला ‘नॉटरेडी’ म्हटलं, नेहमीची ३०० सेकंदं वाट पाहिली आणि पॉड (एकत्र चालणारे कंटेनर) हलवायला घेतले. स्टेटलेस मंडळी दुसरीकडे उभी राहिली. पोस्टग्रेसचा पॉड स्टेटफुलसेटमधला (जुना पॉड थांबल्याची खात्री झाल्याशिवाय बदली पॉड उभा न करणारा प्रकार), तो ‘टर्मिनेटिंग’वर लटकला, कारण ‘हो, थांबला एकदाचा’ असं सांगणारा क्युबलेटच (नोडवरचा कुबरनेटीसचा कारभारी) जिवंत नव्हता. इथपर्यंत सगळं कुबरनेटीसच्या नियमाने. मी पॉड जबरदस्तीने डिलीट केला आणि घड्याळ बघत बसलो. सहाची नऊ झाली, नऊची पंधरा. इव्हेंटमध्ये तीच ओळ पुन्हा पुन्हा: मल्टी-अटॅच एरर, म्हणजे व्हॉल्यूम अजून जुन्या नोडलाच जोडलेला.

कारण सापडायला पाऊण तास गेला. ‘हा व्हॉल्यूम त्या नोडवरून सोडव’ हा निरोप ॲरेला पोचवतो तो ड्रायव्हरचा (कुबरनेटीस आणि ॲरे यांना जोडणारं स्टोरेज कंपनीचं सॉफ्टवेअर) कंट्रोलर पॉड. तो त्याच मेलेल्या नोडवर होता. कंपनीच्या इन्स्टॉलरने तो बसवलेला एकाच प्रतीचा स्टेटफुलसेट म्हणून, त्यामुळे तोही ‘टर्मिनेटिंग’वरच लटकलेला. म्हणजे विहिरीत पडलेल्याला काढायचा दोरही विहिरीतच. दोन प्रतींचं डेप्लॉयमेंट (मेलेल्या पॉडची वाट न बघता नवा उभा करणारा प्रकार) आणि त्यांच्यात लीडर निवडायची सोय, एवढं केलं असतं तर दुसरी प्रत पुढे झाली असती. यात रॉकेट सायन्स नाही. कंपनीकडे तिकीट (तक्रार) टाकलं, उत्तर आलं: ‘वर्किंग ॲज डिझाइन्ड’.

कुबरनेटीस १.२८ मध्ये ‘आउट-ऑफ-सर्व्हिस’ टेंट (नोड बंद असल्याची खूण) पक्का झाला, हे तुम्ही म्हणालच. बरोबर आहे. नोड खरंच बंद आहे याची खात्री करून माणसाने तो लावायचा. पण तो लावल्यावरही व्हॉल्यूम सोडवायला हाच कंट्रोलर पॉड जिवंत लागतो.

आणि सर, कोणत्या सर्व्हरला कोणता लन (ॲरेवरचा व्हॉल्यूम) दिसावा हे ठरवणं ही तर तुमचीच विद्या. ॲरेने मेलेल्या नोडचं मॅपिंग तोडलं, की तो नोड आतून जिवंत असला तरी लिहूच शकत नाही. दोन मशिनांच्या जुन्या क्लस्टरमध्ये स्कझी-३ रिझर्वेशन (डिस्कवर कोणी लिहायचं ते राखून ठेवणं) याच कामाला वापरत आलेत ना? म्हणजे ज्या भीतीपोटी थांबायचं, तिच्यावरचं औषध ॲरेच्या पोटात आहे. आमच्याकडच्या कंटेनरच्या ड्रायव्हरमध्ये ते उतरवलेलं नाही. त्याला व्हॉल्यूम बनवणं, जोडणं, पुसणं एवढंच येतं, आणि तेवढ्यावर डेटाशीटमध्ये टिकमार्क पडतो.

स्नॅपशॉटचंही (व्हॉल्यूमची त्या क्षणाची प्रत) तेच. आमच्या पोस्टग्रेसचा डेटा एका व्हॉल्यूमवर, वॉल लॉग (बदलांची नोंदवही) दुसऱ्यावर. दोन्हींचे स्नॅपशॉट काही सेकंदांच्या अंतराने निघाले आणि रिस्टोअरच्या वेळी एकमेकांशी जुळेनात. ॲरेला कन्सिस्टन्सी ग्रुप (अनेक व्हॉल्यूमचा एकाच क्षणी स्नॅपशॉट) पूर्वीपासून येतो. कुबरनेटीसमध्ये ग्रुप स्नॅपशॉट १.३२ मध्ये कुठे बीटाला (चाचणीच्या टप्प्याला) पोचला, त्यामुळे इथे दोष निम्मा-निम्मा.

बँकांचं म्हणाल तर तिथे मोजके मोठे लन असतात. एकदा बनवायचे, बदल करायचा तर मंजुरी घेऊन, ठरल्या रात्री. आमच्याकडे चाळीस डेव्हलपर सकाळी टेस्ट एन्व्हायर्नमेंट उभी करतात आणि संध्याकाळी पाडतात. प्रत्येकाचे तीन पीव्हीसी (व्हॉल्यूमसाठीची मागणी) धरा, दिवसाला १२० व्हॉल्यूम जन्मतात आणि मरतात. डेटा वाचण्या-लिहिण्याच्या वेगाबद्दल माझी शून्य तक्रार आहे, ॲरे वाघ आहे. पण त्याचं मॅनेजमेंट एपीआय (व्हॉल्यूम बनवा-पुसा अशा विनंत्यांची खिडकी) एका वेळी एकच विनंती घेतं. सोमवारी सकाळी रेशनच्या दुकानासारखी रांग लागते आणि पीव्हीसी वीस-वीस मिनिटं ‘पेंडिंग’. तुमच्या बँकेत हे कधी दिसलं नसणार, कारण तिथे रांग लावायला गिऱ्हाईकच नाही.

‘स्टेटलेस लिहा’ हे मात्र मला पटत नाही. स्टेट (म्हणजे डेटा) कुठे हवेत विरत नाही, शेजारच्या टीमच्या गळ्यात पडते. ती टीम म्हणजे आम्ही. (मोठा ओरॅकल डेटाबेस मी कंटेनरमध्ये नेलेला नाही आणि नेणारही नाही. तो याच ॲरेवर, स्वतःच्या मशिनांवर सुखात आहे.)

‘मग तुम्ही वापरता तरी काय?’ असं तुम्ही शेवटी खवचटपणे विचारलंय. पोस्टग्रेस नोडमधल्या लोकल डिस्कवर आणलाय, प्रती ठेवायचं काम त्याचं तोच करतो. एक नोड गेला की दुसरीकडची प्रत मुख्य होते, व्हॉल्यूम कुठे हलवावाच लागत नाही. बाकी सगळं अजून ॲरेवरच. कराराच्या नूतनीकरणाच्या मीटिंगला कंपनीची माणसं स्लाइड घेऊन आली, तेव्हा मी एवढंच म्हटलं, ‘तुमचा कंट्रोलर पॉड ज्या नोडवर आहे, त्याची पॉवर केबल माझ्यासमोर ओढून दाखवा.’ कळवतो म्हणालेत.

तुमच्याकडे याच कंपनीचा ड्रायव्हर बिनतक्रार चालतो असं लिहिलंय. एकदा बघून सांगा ना, तुमचा कंट्रोलर डेप्लॉयमेंट आहे की स्टेटफुलसेट, आणि प्रती किती. दोन असतील तर व्हर्जन कळवा. आमच्या तिकिटात चिकटवतो.