नॉर्ड स्ट्रीम २ आणि ते हवामानाचं फाउंडेशन

नॉर्ड स्ट्रीमचा, म्हणजे रशियाचा गॅस बाल्टिक समुद्राखालून जर्मनीला नेणाऱ्या पाइपलाइनचा, विषय निघाला की सगळे एकच विचारतात, फोडली कुणी? मग रशिया, युक्रेन, अमेरिका, रात्रभर वाद. मला मात्र जास्त राग येतो तो स्फोटाच्या आधीच्या एका गोष्टीचा.

जानेवारी २०२१ मध्ये जर्मनीतल्या मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्याच्या सरकारने एक फाउंडेशन काढलं, नाव काय तर हवामान आणि पर्यावरण संरक्षण. त्यात राज्याचे २ लाख युरो आणि नॉर्ड स्ट्रीम २ कंपनीचे, म्हणजे शेवटी गाझप्रोम या रशियन सरकारी गॅस कंपनीचेच, २ कोटी. अमेरिकेच्या निर्बंधांना घाबरून आल्सीज कंपनीने डिसेंबर २०१९ मध्येच पाइप टाकणारी जहाजं काढून नेली होती, आता बाकीच्या कंपन्यांवरही बालंट नको म्हणून सामान या फाउंडेशनच्या नावावर घ्यायचं, त्यांनी तर एक जहाजसुद्धा घेतलं. पर्यावरणाच्या नावाने गॅसची पाइपलाइन पुरी केली हो! आणि तिकडे डॉइचे उमवेल्टहिल्फे ही खरी पर्यावरण संघटना त्याच पाइपलाइनविरुद्ध कोर्टात भांडत होती.

पोलंड आणि युक्रेन आधीपासून ओरडून सांगत होते की हा प्रकल्प नुसत्या धंद्याचा नाही, गॅस समुद्रातून गेला की युक्रेनला आपल्या जमिनीवरून गॅस जाऊ देण्याचे मिळणारे पैसे जाणार आणि रशियाच्या हातात नळ येणार. जर्मनीने ऐकलं कधी, तर २२ फेब्रुवारी २०२२ ला, तेव्हाचे चॅन्सेलर शोल्झ यांनी मंजुरी थांबवली तेव्हा. दोन दिवसांनी युद्ध. साडेनऊ अब्ज युरोंची लाइन, ग्राहकाला त्यातून एक घनमीटर गॅस मिळाला नाही.

पण पाइप रिकामे नव्हते. दाब राहावा म्हणून गॅस भरून ठेवलेला. २६ सप्टेंबर २०२२ ला डेन्मार्कच्या बोर्नहोम बेटाजवळ स्फोट झाले, नॉर्ड स्ट्रीम १ आणि २ चे मिळून चारपैकी तीन पाइप फुटले. डेन्मार्कच्या लष्कराने वरून काढलेले फोटो मी आजही विसरू शकत नाही, साधारण एक किलोमीटर रुंदीचं पांढरं वर्तुळ, अख्खा समुद्र उकळतोय असं वाटतं. २०२५ च्या अभ्यासात आकडा आला, सुमारे ४ लाख ६५ हजार टन मिथेन, आणि २० वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा ८० पटींहून जास्त तापवतो. त्यात त्याच भागात, बोर्नहोमच्या खोऱ्यात, दुसऱ्या महायुद्धानंतर फेकलेली रासायनिक शस्त्रं तळाच्या गाळात पडलेली आहेत, तो गाळ ढवळला गेला. बाल्टिकमधले पॉरपॉइज, म्हणजे डॉल्फिनसारखे छोटे जलचर, आवाजावर वाट काढतात आणि ते आधीच मोजके उरलेत, त्यांचं त्या दिवशी काय झालं असेल?

फेब्रुवारी २०२४ मध्ये स्वीडन आणि डेन्मार्कने तपास बंद केला. जर्मनीचा चालू राहिला, युक्रेनियन संशयित पकडले गेले. ते होऊ दे, व्हायलाच पाहिजे. पण मिथेन भरलेले पाइप युद्ध सुरू असताना समुद्रात तसेच ठेवायचे हे ज्यांनी ठरवलं त्यांना कुणी जाब विचारणार की नाही? एक पाइप अजून शाबूत आहे म्हणून २०२५ मध्ये लाइन परत सुरू करायच्या गोष्टी निघाल्या, युरोपियन युनियनने त्यावर बंदी घातली ते बरंच केलं, आणि ती बंदी उद्या कुणी उठवायला निघालंच तर त्याने आधी त्या ४ लाख ६५ हजार टनांचा हिशोब घेऊन यावं.