मानेचा घेर

सैन्यात अधिकारी व्हायला काय लागतं, असं कुणालाही विचारा. धैर्य, नेतृत्व, शिस्त अशी भारदस्त उत्तरं मिळतील. ते सगळं नंतर. आधी एक तक्ता असतो. एका बाजूला उंची, दुसऱ्या बाजूला वय, आणि दोन्ही जिथे भेटतात त्या चौकोनात तुमचं वजन. म्हणजे तुमचं नव्हे, तुमच्या जागी एखादा शहाणा माणूस असता तर त्याचं जे असतं ते. त्या शहाण्यात आणि माझ्यात साडेतीन किलोंचं अंतर होतं. मी पळत होतो, जोर काढत होतो, बारला लटकून हनुवटी वर नेत होतो. तक्त्याला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

या तक्त्यांचा खापरपणजोबा अडॉल्फ केटले नावाचा बेल्जियन गृहस्थ. मूळचा गणित आणि खगोलशास्त्रातला माणूस. तारे मोजता मोजता एकोणिसाव्या शतकात माणसं मोजायला लागला आणि वजन हे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं असं त्याने मांडलं. त्याला हवा होता ‘सरासरी माणूस’. कोण जाड, कोण बारीक याची चौकशी त्याने केलीच नव्हती. ती पुढच्यांनी केली. १९७२ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीझ यांनी किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागण्याच्या त्या सूत्राला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं आणि आता पंचविसाची रेघ ओलांडली की माणूस ‘ओव्हरवेट’. पावणेदोन मीटर उंचीचा गडी साडेशहात्तर किलोला तंदुरुस्त आणि सत्त्याहत्तरला लठ्ठपणाच्या वाटेवर. मधलं अर्धा किलो म्हणजे अर्धा लिटर पाणी. तहान लागली म्हणून प्यायला की गेला कामातून.

मी हिशेबाला बसलो, ही एक वाईट सवय आहे. एक किलो चरबीत साधारण सात हजार सातशे कॅलरी. पळताना ढोबळमानाने अंगाच्या दर किलोमागे किलोमीटरला एक कॅलरी. म्हणजे ऐंशी किलोच्या माणसाने जवळजवळ शंभर किलोमीटर पळावं तेव्हा एक किलो चरबी जाणार. साडेतीन किलोंचे झाले साडेतीनशेच्या आसपास, आणि तेही वाटेत काही न खाता. बरं, नुसतं पळून भागत नाही. जोरही काढायचे असतात, त्याने स्नायू वाढतात, आणि स्नायू चरबीपेक्षा जड. मैदानावरचा उस्ताद ज्यासाठी पाठ थोपटतो, त्याचसाठी वजनकाटा बाहेर काढतो.

तरी पहिल्या आठवड्यात वजन झरझर उतरलं. सगळे म्हणाले, वा! मीही म्हणालो, वा! मग कुठेतरी वाचलं की खाणं कमी केलं की आधी संपतो तो ग्लायकोजन, म्हणजे शरीरातला साखरेचा साठा, आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून बसलेला असतो. गेलं ते पाणी होतं. चरबी जागची हलली नव्हती. त्यानंतर काट्याचा आकडा असा काही रुसून बसला की मी दिवसातून चारदा त्याची मनधरणी करायला लागलो. सकाळी उठल्याउठल्या, कपडे काढून, श्वास सोडून. (श्वास सोडल्याने वजन कमी होत नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही त्या काट्यावर उभे राहा, मग बोलू.)

अशा वेळी जो भेटेल तो सल्लागार. कुणी म्हणे केस बारीक काप, कुणी म्हणे तपासणीच्या आदल्या दिवशी पाणी तोड. पण खरा मंत्र दिला एका माजी उमेदवाराने. वजन जास्त भरलं तर लगेच घरी पाठवत नाहीत, टेप काढतात. पोटाचा घेर घ्यायचा, मानेचा घेर घ्यायचा, पोटातून मान वजा करायची, उंची धरायची आणि शरीरात चरबी किती टक्के ते काढायचं. अमेरिकी नौदलाच्या संशोधकांनी १९८४ मध्ये बसवलेलं हे गणित, लॉगरिदमसकट. तो म्हणाला, “नीट बघ. पोट कमी करायला महिने लागतात. मान वाढव.”

मी नीट बघितलं. खरंच की! मान जितकी जाड, तितका माणूस कागदावर सडपातळ. त्या दिवसापासून मी मानेच्या मागे लागलो. डोक्याला पट्टा बांधून त्याला वजन लटकवायचं आणि हो-हो अशी मान हलवायची. मग आडवं पडून नाही-नाही. आईने दारातून एकदा पाहिलं आणि विचारलं, “परीक्षा लेखी आहे ना रे?” सूत्रात उंचीचाही फायदा असतो, म्हणून तिचीही चौकशी केली. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या फुगतात आणि सकाळी माणूस सेंटिमीटरभर उंच असतो. संध्याकाळपर्यंत ते झिरपून जातं. तपासणी सकाळची आहे कळल्यावर मला देवच पावला.

तपासणीच्या दिवशी मी वाळवणासारखा कोरडा होऊन रांगेत उभा. ओठ फुटलेले, जीभ टाळूला चिकटलेली. (हा उद्योग कुणी करू नये. लोक चक्कर येऊन पडतात आणि मग वजनाचा प्रश्नच उरत नाही.) माझ्यापुढे एक काडीपैलवान. त्याचं दुखणं उलटं, त्याला दोन किलो कमी पडत होते. येताना केळ्यांचा घड संपवून वर दोन लिटर पाणी ढोसलेलं, आणि आता वजन होईपर्यंत एक थेंब बाहेर जाऊ द्यायचा नाही. तो या पायावरून त्या पायावर होत होता. बोलताना त्याच्या पोटात डुचमळल्याचा आवाज येई.

तेवढ्यात नर्सिंग असिस्टंटने झाकणाच्या डब्या वाटल्या. आधी लघवीचा नमुना, मग वजन.

मी रिकामी डबी हातात धरून भिंतीकडे बघत बसलो. काडीपैलवानाने माझ्याहून केविलवाण्या नजरेने डबीकडे पाहिलं. एकदा सुरू झाल्यावर डबीपुरतं थांबणं माणसाच्या हातात असतं का, हा त्याचा प्रश्न. “साहेब, थोडा वेळ द्या,” मी म्हणालो. “पाणी प्या,” साहेब म्हणाले. एवढे निर्दय शब्द मी पुढे प्रशिक्षणातही ऐकले नाहीत. अर्धा ग्लास, एकेक घोट, प्रत्येक घोटाचे ग्रॅम मोजत. नियतीचा न्याय असा की मी प्यायलेलं पाणी डबीत उतरलं नाही, पण डबीचा तळ कसाबसा झाकला गेला. “चालेल,” साहेब म्हणाले. काडीपैलवान आतून बाहेर आला तो घामाघूम, पण डबी काठोकाठ आणि चेहऱ्यावर विजय. त्याने थांबवलं होतं. असल्या माणसाकडे पलटण सोपवायला माझी काही हरकत नाही.

काट्यावर मी दोनशे ग्रॅमनी आत बसलो. तो शंभर ग्रॅमनी. साहेबांनी दोन्ही आकडे एकाच कंटाळ्याने लिहिले आणि तो दरवाजाच्या दिशेने असा सुटला की धावण्याच्या चाचणीत तसा धावला असता तर पहिला आला असता.

वजनात बसलो, त्यामुळे टेप निघालाच नाही. माझ्या मानेला कुणी हात लावला नाही. पुढे २०२३ मध्ये अमेरिकी लष्कराने आपल्या सूत्रातून मान काढूनच टाकली, तिथे फक्त बेंबीच्या पातळीवर पोट मोजायला लागले. बातमी वाचून सगळे म्हणाले, सोपं झालं. माझ्या पोटात मात्र कालवलं.

मान मोजली ती शेवटी शिंप्याने, गणवेशाच्या वेळी. टेप गुंडाळला, आकडा वाचला, चष्मा पुसला, परत गुंडाळला. मग सहायकाला म्हणाला, “कॉलर वेगळ्या मापाची लाव. आणि हे साहेब आधी काय करत होते, विचार जरा.”