जो नवस बोलेल, त्यानेच तो फेडावा

आज दुपारी भाचीला भेटायला रुग्णालयात गेले होते. काल रात्री तिचे सिझर झाले. मुलगी झाली, वजन चांगले आहे, रडणे खणखणीत आहे आणि माझी बहीण आजी झाल्यापासून जमिनीवर नाही. सगळे आनंदाचेच चालले होते. तेवढ्यात भाचीच्या चुलत सासूबाई आल्या, बाळावरून हात ओवाळून त्यांनी कडाकडा बोटे मोडली आणि खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी कालच सप्तशृंगी आईला बोलले होते. पोरगी सुखरूप सुटली, तर सव्वा महिना झाला की बाळाला घेऊन गड चढेल आणि पायरी पायरीला हळदीकुंकू वाहील."

चढेल कोण? बाळंतीण. वाहील कोण? बाळंतीण. बोलले कोण? चुलत सासूबाई!

भाचीच्या पलंगाला लघवीची पिशवी लटकलेली होती, हाताला सलाईन होते आणि कुशीवर वळायचे तर तिला दोघींचा आधार लागत होता. तिने निमूट मान हलवली. जावई फोनवर पेढ्यांची ऑर्डर देत होते, त्यांनीही मान हलवली. बाळंतिणीच्या खोलीत आवाज चढवू नये एवढी रीत मला माहीत आहे, म्हणून मी तिथे काही बोलले नाही आणि घरी येऊन हे लिहायला बसले आहे.

कोणी मला नास्तिक ठरवण्याआधी सांगते की आमच्या देव्हाऱ्यात सप्तशृंगीचा टाक आहे, घरात घट बसतात, अखंड दिवा असतो आणि चैत्रोत्सवात घरातले कोणी ना कोणी गडावर जातेच. नाशिक जिल्ह्यात जन्मलेल्या बाईला वणीची देवी कोणी वेगळी शिकवावी लागत नाही. माझी तक्रार देवीबद्दल नाही, नवसाबद्दलही नाही. दुसऱ्याच्या शरीरावर बोललेल्या नवसाबद्दल आहे.

माझ्या थोरलीच्या वेळी हेच झाले होते. कळा सुरू होऊन बराच वेळ गेला, बाळाचे ठोके कमी होऊ लागले आणि डॉक्टरांनी धावपळ करून मला आत घेतले. बाहेरच्या बाकावर बसून सासूबाईंनी नवस बोलला होता, तो मला पाचवीच्या दिवशी कळला. दारात पाटा-वरवंटा मांडला होता, सटवाईने कपाळी लिहावे म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवले होते, आणि पूजेची तयारी करता करता त्या सहज म्हणाल्या, "सव्वा महिन्यानंतर गडावर जायचं आहे, तू पायऱ्यांना कुंकू लावायचंस." माझ्या आयुष्यातले एवढे मोठे चढण दुसऱ्या कोणीतरी ठरवून टाकले होते, आणि तेही मी गुंगीत असताना.

गमत पाहा. ज्या बाईच्या नावाने देवीचे आभार मानायचे, तिला सोयर असल्यामुळे दहा दिवस देव्हाऱ्यापाशी फिरकायचे नाही. दिवा लावायचा नाही, फूल वाहायचे नाही. त्या निमित्ताने तिला स्वयंपाकघरातून सुटी मिळते आणि चार बाहेरची माणसे बाळाला हाताळत नाहीत, हा त्यातला फायदा मी मान्य करते. पण मग त्याच बाईला ओल्या अंगाने पाचशेच्या आसपास पायऱ्या चढवताना तिच्या विश्रांतीची ती काळजी कुठे जाते?

गडावर आता फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, ती 2018 साली सुरू झाली. आम्ही गेलो तेव्हा पायऱ्यांशिवाय वाट नव्हती. नांदुरीचा घाट चढून गाडी वर पोहोचली, तेव्हाच वळणावळणाला बसलेल्या धक्क्यांनी माझे टाके ठणकत होते. बाळ जावेकडे दिले आणि हातात हळदीकुंकवाचे तबक घेतले. वाकायचे, बोटाने हळद लावायची, त्यावर कुंकू लावायचे, सरळ व्हायचे, एक पायरी चढायची आणि पुन्हा वाकायचे. पोट फाडून शिवलेल्या बाईला वाकून सरळ होणे म्हणजे काय, हे ज्यांचे सिझर झाले आहे त्यांना मी सांगायला नको, आणि ज्यांचे झाले नाही त्यांनी निदान विचारावे. अर्ध्या वाटेत बाळ रडू लागले, त्याबरोबर मला पान्हा फुटला आणि ब्लाउज भिजला. मागून येणाऱ्या यात्रेकरूंसमोर मी एका हाताने पदर छातीशी धरून दुसऱ्या हाताने कुंकू लावत होते. सासरेबुवा वरून हाक मारत होते, "चला लवकर, आरती चुकेल."

सिझरनंतर साधारण सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका, पोटावर ताण आणू नका, असे डॉक्टर घरी सोडताना बजावतात. सव्वा महिन्याच्या नवसाने ते सहा आठवडेसुद्धा पुरे होत नाहीत. गरज नसताना सिझर करणारी रुग्णालये असतात, हे खरे आहे. पण म्हणून टाके काही खोटे नसतात.

इथपर्यंत रागाने लिहिले. आता सासूबाईंबद्दल लिहिताना मात्र हात थोडा हळू होतो. त्या कळवणकडच्या. त्यांचे पहिले बाळंतपण घरातच झाले, सुईणीने विळ्याने नाळ कापली आणि ते बाळ सहाव्या दिवशी आखडून गेले. त्या काळी धनुर्वाताने अशी किती तान्ही बाळे पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच गेली असतील! आपल्याकडे पाचवी-सहावीची रात्र जागवतात, बाळंतिणीच्या उशाशी कोयता ठेवतात आणि सटवाईला हात जोडतात, त्या सगळ्यामागे मला ही भीतीच दिसते. गरोदर बायांना धनुर्वाताचे इंजेक्शन मिळू लागले, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली, तेव्हा कुठे 2015 मध्ये माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचे आपल्या देशातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. सासूबाईंच्या त्या बाळाला त्याचा काय उपयोग? त्या बाकावर बसल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर माझे बाळ नव्हते, त्यांचे स्वतःचे होते, हे मला फार उशिरा, त्या थकल्यावर त्यांच्याच तोंडून ऐकताना समजले. आजही ही भीती अगदीच निराधार नाही. 2018 ते 2020 या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे 33 माता दगावल्या, आणि देशात हेच प्रमाण 97 होते. बाई आत गेली की बाहेरच्यांनी देव आठवावा, हे मला पूर्णपणे मान्य आहे.

पण भीती तुमची असेल, तर फेडही तुमची असावी. सासूबाईंच्या गुडघ्यांना तेव्हा काहीही झालेले नव्हते; त्या माझ्या पुढे दहा पायऱ्या चढून माझी वाट पाहत उभ्या राहत होत्या.

आणि हे फक्त बाळंतिणीच्याच वाट्याला का येते, याचाही कधीतरी विचार करू या. आमच्या यजमानांनी नोकरीत बढतीसाठी नवस केला होता, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी घालीन असा. ते स्वतः बोलले, स्वतः रात्रभर अनवाणी चालले आणि पायाला फोड घेऊन स्वतःच घरी आले. त्यांच्या आईने परस्पर ठरवले नाही की हा चालेल. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या त्र्यंबकेश्वरला येतात, त्यातल्या कोणा वारकऱ्याला कोणी जबरदस्तीने आणलेले नसते. पुरुषाचा नवस त्याच्या मर्जीचा असतो आणि बाळंतिणीचा नवस म्हणजे घरच्यांनी तिच्या नावावर काढलेले कर्ज असते.

सगळ्यात जास्त चीड मला या गोष्टीची येते की बाळंतिणीचाही देव असतो, हे कोणाच्या गावीही नसते. गडावरची देवी 18 हातांची आहे आणि तिची मान किंचित कललेली आहे. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी सप्तशतीचा पाठ करत आणि देवी तो कान देऊन ऐकत असे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. समोरच्या डोंगरावरचे जिला ऐकू येते, तिला ऑपरेशनच्या टेबलावरचे ऐकू येत नसेल? कमरेत इंजेक्शन दिल्यावर पाय बधिर झाले, समोर हिरवा पडदा आला आणि पलीकडे डॉक्टर काय बोलत आहेत ते मला समजेना. त्या वेळी मी मनातल्या मनात म्हणाले होते, "आई, एकदा रडू दे याला, तुला साडी-चोळी आणीन." मुलगी आहे की मुलगा, हेसुद्धा तेव्हा माहीत नव्हते. ती रडली. वर्षभराने, माझ्या पगारातून, माझ्या पसंतीची हिरवी साडी, चोळीचा खण आणि नारळ घेऊन मी गडावर गेले आणि ओटी भरली. त्या दिवशी गाभाऱ्यासमोर मला जे समाधान वाटले, त्याचा एक कणही पायऱ्यांना कुंकू लावताना वाटला नव्हता. तेव्हा फक्त आरती चुकू नये आणि टाका सुटू नये, एवढेच डोक्यात होते.

आमच्या घरात आजवर कोणीही मला विचारलेले नाही की आत असताना तू देवीकडे काय मागितले होतेस. इथे पहिल्यांदाच सांगते आहे.

उद्या मी भाचीच्या चुलत सासूबाईंना फोन करणार आहे. त्या वयाने मोठ्या आहेत, अहो-जाहो करूनच बोलेन. गाडी माझी, पेट्रोल माझे, हळदीकुंकवाचे डबेही मीच आणीन आणि दिंडोरी-वणीमार्गे त्यांना थेट गडावर नेऊन सोडीन. पायऱ्या त्यांनी चढाव्यात. गुडघे दुखत असतील, तर ट्रॉली आहे. ट्रॉलीने गेल्यास नवस फिटत नाही असे त्यांचे म्हणणे असेल, तर ज्या गुडघ्यांना टाके नाहीत त्यांना ही सवलत आणि टाके असलेल्या पोटाला पायऱ्या, हा हिशेब त्यांनी मला समजावून सांगावा. भाची जाईल तिला वाटेल तेव्हा, ट्रॉलीतून, बाळ नवऱ्याच्या हातात देऊन. आणि देवीला काय द्यायचे, ते तिचे तिने आधीच कबूल केलेले असेल.